स्केटबोर्डवर किशोरकथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या किशोरकथांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. हल्ली त्यांत स्केटबोर्ड फार दिसतो. चांगलंच आहे. पण बहुतेकांनी बोर्ड फक्त रीलमध्ये पाहिलेला असतो, आणि ते दुसऱ्याच पानावर कळतं.

सगळ्यात डोक्यात जाते ती घाई. पहिल्या प्रकरणात बोर्ड मिळतो, दुसऱ्यात नायक किकफ्लिप मारतो, म्हणजे उडी घेऊन पायाने बोर्ड हवेतच गर्रकन उलटा-सुलटा फिरवतो. एका कथेतला मुलगा तर आठवड्याभरात पर्वतीच्या पायऱ्यांवरून बोर्डसकट झेपावला आणि खाली मित्राशेजारी अलगद उतरला. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत हो! कॅलिफोर्नियातल्या एल टोरो हायस्कुलाचा जिना २० पायऱ्यांचा होता, तेवढ्यावर तो जगभरच्या स्केटरांमध्ये गाजला. लेखकाला हे कळवलं तर उत्तर आलं, "मुलांना थ्रिल लागतं." लागतं ना. म्हणूनच बोर्ड चालवणारा मुलगा तिथेच अंक मिटतो.

थ्रिल ऑलीत आहे, म्हणजे हात न लावता बोर्डसकट घेतलेल्या साध्या उडीत. मागच्या पायाने टेल, म्हणजे बोर्डचं मागचं टोक, फटकन जमिनीवर आपटायची, त्याच क्षणी उडी घ्यायची आणि पुढचा पाय बोर्डवर चिकटवलेल्या ग्रिपटेपवर घासत नोजकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, न्यायचा. जमलं तर बोर्ड हवेत पायाखाली सपाट होतो. बरेच दिवस जमत नाही. बोर्ड एकीकडे, मुलगा दुसरीकडे. ग्रिपटेप म्हणजे सँडपेपरच, त्यामुळे पुढच्या बुटाला करंगळीच्या बाजूने भोक पडतं. आईला ते दिसतं, आणि दिवाळीपर्यंत नवे बूट मिळणार नाहीत असं ती बजावते. मित्र घरातलं पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा घेऊन येतो, दोघं जिन्यात बसून भोक बुजवतात. झालं की प्रकरण! यात मैत्री आली आणि कोणी पर्वतीवरून उडीही मारली नाही. मी सगळ्यांना एकच सांगते: जवळच्या स्केटपार्कवर, नाहीतर मुलं बोर्ड घेऊन जमतात त्या पार्किंगमध्ये, एक संध्याकाळ फोन खिशात ठेवून उभे राहा. बहुतेकांना तेवढाही वेळ नसतो. कादंबरीमालिकेचं नाव मात्र ठरलेलं असतं.

बारीकसारीक चुका भराभर सांगते. बोर्डला पट्टे किंवा लेस नसतात, ते रोलर स्केट्स. डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. तिसऱ्या पानावर गूफी असलेला मुलगा नवव्या पानावर आपोआप रेग्युलर होत नाही. आपल्या रस्त्यांवर खडी असते. छोट्या, कडक चाकाखाली एक खडा आला की बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढे जातो. पावसात बोर्ड चालवला तर बेअरिंग गंजतात. आणि मुलीला फक्त टाळ्या वाजवायला उभी करू नका. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलंय.

दुसरी मोठी चूक म्हणजे सोपं आणि बाळबोध यांतला फरक न कळणं. वाचताना अडखळणारा तेरा वर्षांचा मुलगा तेरा वर्षांचाच असतो. त्याला ससोबाच्या सुरात गोष्ट सांगितली की तो ओळखतो, आणि अपमान गिळून पुस्तक बाजूला ठेवतो. वाक्यं लहान करा, भांडणं लहान करू नका. खरी अडचण भलतीकडेच असते. हे वाक्य पाहा: "त्याने त्याला बोर्ड दिला तेव्हा तो रागावला." कोण रागावला? दोन मुलगे असले की असा गोंधळ होतोच. मी सरळ नाव पुन्हा लिहिते, दोनदा आलं तरी चालतं. वर नावं ओम आणि ओंकार ठेवली असतील तर देवच वाचवो.

मैत्री सिद्ध करायला कोणाला हॉस्पिटलात टाकायची गरज नाही. टोकियो ऑलिंपिकमधली मुलींच्या स्केटबोर्डिंगची, पार्क प्रकारातली (वाडग्यासारख्या खोलगट मैदानावरची) अंतिम फेरी आठवा. जपानची पंधरा वर्षांची मिसुगु ओकामोतो शेवटच्या रनमध्ये पडली आणि चौथी आली. ती रडत असताना प्रतिस्पर्धी मुलींनीच तिला खांद्यावर उचललं. हे लेखकाने रचलं असतं तर मी "फार गोड" म्हणून परत पाठवलं असतं, पण ते घडलंय. रोजच्या सरावात तर त्याहून साधं असतं: कोणाची ट्रिक जमली की बाकीचे आपापले बोर्ड जमिनीवर आपटतात. तेवढं लिहा. शेवटी येऊन मैत्रीचं महत्त्व सांगणारे सर मी न विचारता कापते.

कथा पाठवण्याआधी ती वाचनाचा कंटाळा असलेल्या सातवीतल्या एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि त्याला काही समजावून सांगायला जाऊ नका.