इंटरकूलरची डक्ट घरच्या घरी फायबरमध्ये घडवताना

टर्बो इंजिनासाठी हवा दाबतो तेव्हा ती तापते आणि त्यामुळे हवी तेवढी दाट होत नाही. म्हणून इंजिनात शिरण्याआधी तिला थंड करण्याचे काम इंटरकूलरकडे असते. स्कोडा ऑक्टेव्हियाच्या पहिल्या पिढीतील आरएस या १.८ लिटर टर्बो गाडीत तो उजव्या पुढच्या चाकासमोर, बंपरच्या आड बसवलेला असतो आणि बंपरच्या जाळीतून त्याच्यापर्यंत हवा आणणारी एक काळी प्लास्टिकची डक्ट असते. जुन्या गाड्यांत ही डक्ट बहुधा तडकलेली, कान तुटलेली किंवा गायबच झालेली आढळते. सायनच्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीला डक्ट असली काय आणि नसली काय, सारखेच. तिचा उपयोग दिसतो तो खोपोलीपुढचा घाट चढताना.

नवी डक्ट करताना तोंड मोठे करण्याचा मोह टाळावा. इंटरकूलरच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढे तोंड पुरते, मात्र तेथून डक्ट हळूहळू रुंदावत गेली पाहिजे, कारण एकदम फाकलेल्या भिंतीपाशी हवा भोवरे घेते. त्याहून महत्त्वाचा आहे तो इंटरकूलरच्या कडेचा सांधा. तेथे बोटभर फट राहिली, तरी हवा इंटरकूलरच्या जाळीतून जाण्याचे कष्ट न घेता त्या फटीतूनच निसटते.

बंपर उतरवून जागेची मापे पुठ्ठ्यावर घ्यावीत आणि फुलांच्या सजावटीसाठी मिळणाऱ्या हिरव्या फोमचा साचा कोरावा. थर्माकोल वापरू नये. पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करणारे चिकट रसायन, लागताच तो विरघळतो आणि मेहनतीने केलेला आकार डोळ्यांदेखत खचतो, हे मी एकदा अनुभवले आहे. साच्यावर खाकी पॅकिंग टेप सुरकुती न पाडता ताणून लावावी व तिच्यावर मेणाचे पॉलिश चोळावे, म्हणजे फायबर चिकटत नाही. वेळेची कंजुषी या टप्प्यावर करू नये, कारण साच्यातला प्रत्येक खड्डा डक्टच्या आतल्या भिंतीवर उमटतो.

रेझिन हार्डनर या रसायनाने घट्ट होते आणि त्याला वेग देते ते कोबाल्ट; रेझिन घेताना ते आधीच मिसळलेले मागावे. कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळाले, तर ते दोन्ही एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत. त्या मिश्रणाचा भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. हार्डनर डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच, आणि तरीही थेंब उडालाच तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवून थेट डॉक्टर गाठावा. काम गच्चीवर, शेजाऱ्यांना सांगून, रसायनांच्या वाफेसाठीचा मास्क व हातमोजे घालून करावे. आसपास शेगडी, उदबत्ती वा सिगारेट नसावी.

मुंबईच्या तिशीपलीकडच्या तापमानात शंभर ग्रॅम रेझिनला एक ग्रॅमच्या आसपास हार्डनर पुरतो. मे महिन्यात मी घाईने तिप्पट घातला, तर प्लास्टिकचा पेला हातातच तापून धुरकटला. एका वेळी दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये. पावसाळ्यात हे काम काढूच नये, कारण काचतंतूंची मॅट दमट झाली की रेझिनमध्ये नीट भिजत नाही आणि रेझिन चिकटच राहते.

चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाच्या मॅटचे तळहाताएवढे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडावेत. विस्कटलेली कड शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. आधी साच्यावर रेझिनचा हात फिरवून तुकडा ठेवावा आणि ब्रश न ओढता टोचत जावे. पांढरी मॅट काचेसारखी पारदर्शक होत जाते; जेथे पांढरे राहील तेथे हवा अडकली आहे असे समजावे. असे तीन थर पुरतात, बोल्टच्या कानांपाशी पाच द्यावेत. कोळीवाड्यात होड्यांना फायबर मारणारे कारागीर पाहून एक गोष्ट मी शिकलो: रेझिन खरवसासारखे थरथरते घट्ट झाले की, पूर्ण कडक होण्याआधीच, जादा कडा धारदार पात्याने कापून घ्याव्यात. उद्यावर टाकल्यास त्याच कडांसाठी ग्राइंडर लागतो.

दुसऱ्या दिवशी आतला फोम चमच्याने कोरून काढावा. घासकाम ओल्या पॉलिश पेपरनेच करावे, कारण काचेची कोरडी धूळ फुप्फुसांत जाते आणि अंगाला रात्रभर खाजवते. इंटरकूलरला टेकणाऱ्या कडेवर रबरी फोमची पट्टी लावावी. साधे पॉलिएस्टर तापल्यावर मऊ पडते, म्हणून एक्झॉस्टजवळून डक्ट नेऊ नये. बंपर मात्र कापू नये. नोंदणीतील मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाला मान्य नाहीत.

सर्वांत खालच्या जागी आठ मिलिमीटरचे एक भोक पाडावे आणि बंपर चढवण्यापूर्वी डक्टच्या तोंडातून मगभर पाणी ओतून ते सगळे त्या भोकातून बाहेर येते का, हे पाहावे.