उक्ता दर लावताय? आधी मेसेज मोजा

सोलापुरात कारखानदाराला सॉफ्टवेअर दाखवून झालं की प्रश्न ठरलेला: "वर्षाचा एकच आकडा सांगा की ओ." एक किंमत, सगळ्या सोयी, माणसं कितीही. या धंद्यात नव्याने उतरत असाल तर हा उक्ता दर जरूर द्या. मात्र तो सर्वसाधारण गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून ठरवू नका.

माणशी दराचा नाद सोडाच. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मुनीमजींच्या मागच्या कॅलेंडरवर पासवर्ड पेनाने लिहिलेला होता. मालक, त्यांचा मुलगा, मुकादम, पॅकिंगवाला, सगळे त्याच एका नावाने आत जायचे. मनात लबाडी नव्हती, माणूस वाढला की पैसे का वाढावेत हेच त्यांना पटत नव्हतं. पण त्यामुळे मालासोबतचं चलन नेमकं कुणी बदललं ते कधीच सापडायचं नाही. उक्त्या दरात प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देता येतं आणि ही भानगड मिटते.

आता खड्डा. माझे पैसे इथेच गेले, म्हणून सविस्तर सांगतो. एखाद्याने सॉफ्टवेअर जास्त वापरलं म्हणून सर्व्हरचं बिल फारसं वाढत नाही. मेसेजचं वाढतं. येणे बाकीची आठवण, चलनाची प्रत, ओटीपी, यातला प्रत्येक मेसेज तुम्ही नगाने विकत घेता आणि उक्त्याने विकून मोकळे होता.

आकडे मांडून बघा. समजा महिन्याचे 999 रुपये, जीएसटी धरून. 18 टक्के जीएसटी वजा केला की उरतात साधारण 847. ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचे दोन टक्के गेले की सव्वाआठशे. मेसेज 20 पैशांना पडतो असं धरा. छोटा कारखानदार रोज 20 मेसेज पाठवतो, 26 दिवसांचे झाले 104 रुपये. ठीक आहे. मोठा व्यापारी रोज 200 पाठवतो: 1,040 रुपये. म्हणजे सर्व्हर आणि तुमची मेहनत धरायच्या आधीच दोनशेच्या वर खिशातून गेले, आणि तेही दर महिन्याला. वर हाच माणूस सॉफ्टवेअरवर सगळ्यात खूश असतो, आपल्यासारख्याच मोठ्या व्यापाऱ्यांना तुमचं नाव सांगतो. गिऱ्हाईक वाढतंय म्हणून तुम्ही आनंदात, आणि खात्यातली शिल्लक मात्र उतरत जाते.

घाबरू नका, उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअर उक्तं, मेसेज मोजून. दरात महिन्याला 500 मेसेज द्या, पुढच्यांचे पैसे वेगळे घ्या, आणि हे कोटेशनमध्ये ठळक लिहा. ज्याच्याकडे मागावरची मजुरी पीस रेटवर ठरते, त्याला हे पटवायला फार बोलावं लागत नाही. 'अमर्याद' हा शब्द छापायचाच असेल तर तो माणसांच्या संख्येपुढे छापा.

मेंटर लोक इथे बेसकँप या अमेरिकी सॉफ्टवेअरचं उदाहरण देतात. त्यांचा महिन्याला 99 डॉलरचा एकच दर बरीच वर्षं होता, हे खरं. पण पुढे त्यांनीही माणशी 15 डॉलरची योजना आणली आणि उक्ता दर 299 डॉलरवर नेला. त्या उक्त्या योजनेतही माणसं अमर्याद, साठवणूक मात्र 5 टीबीपर्यंतच. हा दुसरा भाग कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर ज्याने स्वतः कधी वसुलीचा फोन केलेला नाही त्याच्याकडून किंमत शिकू नये. त्यापेक्षा एखाद्या जुन्या मुनीमजींसमोर तासभर बसा.

वसुलीचंही थोडक्यात. शक्य तिथे दिवाळी पाडव्याला वर्षाचे पैसे घ्या, नव्या वह्यांचा तोच मुहूर्त असतो. महिन्याला घेणार असाल तर यूपीआय ऑटोपे चालतं, हप्ता आपोआप कापला जातो. 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला सहसा दर वेळी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. वर्षाचे एकरकमी आलेले पैसे मात्र लगेच खर्चू नका, त्यातून अकरा महिन्यांचे मेसेज अजून जायचे असतात.

आधीच 'सगळं अमर्याद' म्हणून विकून बसला असाल तर वर्षाच्या मधे दर बदलू नका. सोलापुरात बाजार छोटा आहे, शब्द फिरवल्याचं संध्याकाळपर्यंत चाटी गल्लीच्या कापडबाजारात पोचतं. आजपासून प्रत्येक गिऱ्हाइकाचे मेसेज मोजायला लागा, दर महिन्याला तो आकडा त्यांना बिलासोबत पाठवा, पैसे मागू नका. नूतनीकरणाच्या दोन महिने आधी जाऊन भेटा. वर्षभर आकडा डोळ्यांखालून गेलेला असतो, त्यामुळे बहुतेक जण घासाघीस करतात, पण सोडून जात नाहीत.