जुन्या लढाऊ विमानांचे फोटो आणि त्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळो येथे असलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात गेल्यावर बहुतेक जण विमानाच्या नाकासमोर उभे राहून पहिला फोटो काढतात. तो अवश्य काढावा. परंतु त्याआधी विमानाच्या अंगावर रंगवलेला क्रमांक स्वच्छ वाचता येईल असा एक फोटो घ्यावा. नौदलाच्या विमानांवर हा क्रमांक ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होतो. एका जातीची विमाने अनेक असतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो, आणि पुढे एखाद्या निवृत्त नौसैनिकाच्या आठवणीशी तुमचा फोटो जोडायचा झाला, तर तोच उपयोगी पडतो. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या विमानांना वेळोवेळी नव्याने रंग दिला जातो आणि त्यात अक्षरे व चिन्हे बदलू शकतात, म्हणून धातूवर ठोकलेली एखादी पट्टी दिसल्यास तिचाही फोटो घ्यावा.

फोटोसाठी सकाळची तिरपी उन्हे उत्तम, कारण दुपारी पांढऱ्या रंगावरचे सांधे आणि रिव्हेट दिसेनासे होतात. संपूर्ण विमान एकदा टिपले की त्याची ओळख पटवणाऱ्या भागांकडे वळावे. सी हॉक या जुन्या जेट लढाऊ विमानाच्या शेपटीच्या टोकाला जेट इंजिनाचे तोंड नसते. इंजिन मध्यभागी असून त्याचा झोत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, त्यामुळे हा भाग मागून तिरपा घ्यावा. सी हॅरियरच्या दोन्ही कुशींना मिळून असलेली चार फिरती तोंडे जवळून घ्यावीत, कारण तीच खाली वळवून हे विमान जागच्या जागी उतरत असे. तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन मात्र जवळून चौकटीत मावत नाही. पूर्वी एअर इंडियाकडे असलेले हे विमान हवाई दलाकडून नौदलाकडे आले, आणि त्याच्यासाठी मागे सरकत जाण्याला पर्याय नाही. दाबोळीला आयएनएस हंसा हा नौदलाचा चालू तळ आहे, तेव्हा कुंपणापलीकडे कॅमेरा रोखण्याचा मोह टाळावा.

खरे काम घरातल्या जुन्या फोटोंचे असते, आणि तेच अधिक जिकिरीचे. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नये; तो सुटत नसेल तर पानासह स्कॅन करावा, किमान ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), आणि मागची बाजूही तितक्याच काळजीने घ्यावी. मागे लिहायचे झाल्यास मऊ पेन्सिल वापरावी, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मागे आधी लिहिलेली तारीख मात्र पुराव्यावाचून खरी मानू नये. माझ्या पाहण्यात आलेल्या एका फोटोमागे ‘विक्रांत, १९७१’ असे ठसठशीत लिहिले होते आणि डेकवर सी हॅरियर उभे होते. हे विमान भारतात आले ते १९८३ च्या डिसेंबरमध्ये. लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असे नव्हे. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेवरून उडालेली विमाने सी हॉक आणि पंख्याचे अलिझे ही होती, आणि दोन काळ त्याच्या मनात एकत्र मिसळले होते, इतकेच. अशा वेळी मूळ मजकूर खोडू नये; आपली दुरुस्ती वेगळ्या कागदावर, कारणासह लिहावी.

आठवणी विचारायला जाताना फोटोंच्या मोठ्या प्रती सोबत न्याव्यात आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी. ‘आजोबा, तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ या प्रश्नाला साधारणपणे भाषणच उत्तर म्हणून मिळते. त्याऐवजी ‘या फोटोत तुम्ही हात ठेवलाय ते झाकण कशाचे?’ असे विचारावे. मग झाकण उघडायला किती जण लागत, हात कशाने माखत, पाळी कधी संपे, हे सगळे आपोआप येते. वैमानिकांइतकेच मेकॅनिक आणि डेकवर विमाने हलवणारे हँडलर यांनाही विचारावे. एकाच विमानाच्या गुणदोषांविषयी त्यांची मते वैमानिकाहून पुष्कळदा निराळी असतात, आणि मला तीच अधिक भरवशाची वाटतात.

घरी आल्यावर फाइलच्या नावात आधी विमानाचा क्रमांक, मग ठिकाण, मग वर्ष घालावे. वर्ष अंदाजाने ठरवलेले असेल तर तसे नावातच लिहावे, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय कुठेही देऊ नये.