गेममधील नावांचे मूळ कसे शोधावे

गेममधील एखाद्या पात्राचे नाव ओळखीचे वाटले, तर ते निर्मात्यांच्या भाषेत कसे लिहिले जाते, हे आधी पाहावे. जपानी लिपीत इंग्रजी ‘थ’ आणि ‘स’ हे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात. त्यामुळेच ‘फायनल फँटसी ७’ या जपानी गेममधील नायिका १९९७च्या इंग्रजी आवृत्तीत ‘एरिस’ होती आणि पुढे ‘एरिथ’ झाली.

मग कोश उघडावा. मराठीत रुळलेल्या शब्दांसाठी १८५७ साली मुंबईत छापलेली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मला आजही सर्वांत भरवशाची वाटते, कारण शब्द संस्कृत, अरबी की फारसी, याची खूण तेथे शब्दापाशीच मिळते. हा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो; छापील कोश चाळायचे असतील, तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी.

मात्र उच्चाराच्या साम्यावर विसंबू नये. जादूची शक्ती मोजणारा ‘माना’ आपल्याला ‘मन’ किंवा ‘मान’ या शब्दांजवळचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रशांत महासागरातील मेलानेशियन आणि पॉलिनेशियन भाषांमधला शब्द आहे आणि मेलानेशियाचे अभ्यासक कॉड्रिंग्टन यांच्या १८९१च्या ग्रंथामुळे तो युरोपीय अभ्यासकांत प्रसिद्ध झाला. उलट ‘वॉरक्राफ्ट’ या गेममधील ‘नागा’ खरोखरच आपला नाग आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो शब्दाच्या प्रवासाला. ‘बहामुत’ हा अरबी विश्ववर्णनांत पृथ्वीचा भार पेलणारा प्रचंड मासा आहे, आणि त्याचे नाव हिब्रू बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकातल्या ‘बेहेमोथ’ या महाकाय पशूवरून आले असे मानले जाते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या गेमने या माशाला ड्रॅगनांचा राजा केले, १९८७च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’तही तो ड्रॅगनच राहिला, आणि त्याच मालिकेत ‘बेहेमोथ’ हा वेगळा प्राणीही आहे. म्हणजे एकच शब्द दोन वाटांनी एकाच गेममालिकेत पोहोचला. नाव आले म्हणून कथा आली, असे समजू नये : याच मालिकेतील ‘शिवा’ ही बर्फाची शक्ती असलेली स्त्री आहे.

शेवटी निर्मात्यांच्या मुलाखती वाचाव्यात. ‘डायब्लो’ या गेमच्या नावाचा स्पॅनिश अर्थ ‘सैतान’ हे कोशात मिळते. पण त्याचे एक निर्माते डेव्हिड ब्रेविक यांना ते नाव कॅलिफोर्नियातील माउंट डायब्लो या डोंगरावरून सुचले, हे त्यांनी स्वतः सांगितल्यामुळेच कळते.