लांब पल्ल्याची ट्रायथलॉन: रनचं टार्गेट ठरवताना या चुका टाळा

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी हा प्रश्न ठरलेला असतो. "ताई, माझी हाफ मॅरेथॉन दोन तासांत होते, मग गोव्याच्या हाफ ट्रायथलॉनला रन किती वेळाचा धरू?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: दोन तास पाच, फार तर दहा. पहिली चूक इथेच होते. नुसती हाफ मॅरेथॉन वेगळी, आणि १.९ किमी पोहून, ९० किमी सायकल चालवून मग सुरू होणारे २१.१ किमी वेगळे.

मीही हेच केलं होतं. जानेवारीच्या थंडीत नाशिकला हाफ मॅरेथॉनला १ तास ५८ मिनिटं लागली होती, म्हणून गोव्यासाठी २:०५ धरले. सायकल रॅकला लावून बाहेर पडले तेव्हा श्वास मोकळा होता. पहिल्या किलोमीटरला घड्याळाने ५:२५ (५ मिनिटं २५ सेकंद) दाखवलं, आणि मला वाटत होतं मी सहाच्या वर आहे. नवव्या किलोमीटरला मांड्यांत गोळे आले. अंगातल्या ट्रायसूटवर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. तिथून चालत-धावत रन संपला २:४१ ला.

ते ५:२५ जवळजवळ प्रत्येकाला फसवतं. सायकलवर तासन्‌तास फिरलेल्या पायांची लय खाली उतरल्यावरही तशीच चालू राहते, आणि ताशी ३० किमीनंतर पायी कितीही पळालं तरी रेंगाळल्यासारखंच वाटतं. म्हणून हाफ ट्रायथलॉनला पहिले ३ किमी आणि फुलला (१८० किमी सायकल, ४२.२ किमी रन) पहिले ५ किमी टार्गेटपेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद सावकाश जा. या टप्प्यात अंगाचं ऐकू नका, घड्याळाचं ऐका.

सायकलवर मिनिटं कमावण्याचा मोह

आपलं शहर सायकलवाल्यांचं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ज्याची सायकल चांगली, तोच ट्रायथलॉनच्या रनमध्ये जास्त फसताना मी पाहिलाय. हिशेब करा. फुलचे १८० किमी ताशी ३० ने गेलात तर ६ तास लागतात, ३२ ने गेलात तर ५ तास ३७ मिनिटं. वाचली साधारण २२ मिनिटं. पण हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर एवढ्याशा फरकासाठी पायांना १८-२० टक्के जादा जोर लावावा लागतो. मग रनमधले शेवटचे १२ किमी सातच्या पेसऐवजी (किलोमीटरला ७ मिनिटं) दहाच्या पेसने चालावे लागले, की ३६ मिनिटं गेली. रन खरा सायकलवरच ठरतो. फुलसाठी पॉवर मीटरवर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराच्या, ७० टक्क्यांच्या आसपास राहा. मीटर नसेल तर सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच जोर लावा.

मग टार्गेट काढायचं कशावरून? स्वतःच्या ब्रिकवरून, म्हणजे सायकलनंतर लगेच धावण्याच्या सरावावरून. शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी, शर्यतीच्याच जोराने पाच तास सायकल आणि उतरल्या उतरल्या १० किमी धाव. पहिले ३ किमी सोडून द्या. त्यानंतर हृदयाचे ठोके न चढता जो पेस टिकतो, तो तुमचा पेस. हाफसाठी तीन तास सायकल पुरते. असे दोन-तीन ब्रिक झाल्याशिवाय आकडा कुणाला सांगूही नका, कारण एकदा सांगितला की माणूस तो सोडत नाही.

यात नाशिकची एक खास गफलत आहे. आपण त्र्यंबकला जातो आणि परत येतो. जाताना चढ, येताना उतार. शेवटचा तासभर पायांना आराम मिळतो आणि घरी पोचून केलेला रन छान जातो. तो रन धरू नका. शर्यतीत शेवटी असा उतार मिळेलच असं नाही. शेवटचा तास सपाट रस्त्यावर पॅडल मारत काढा आणि मग उतरा.

थंडीतला पेस दमट हवेत नेणं

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, हवा बरीच कोरडी. इथे घाम उडून जातो, म्हणून अंग थंड राहतं. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, त्याच पेसला ठोके चढत जातात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेव्हा शर्यतीआधीचे दोन आठवडे छोटे रन तरी पहाटे पाचला न करता उन्हात, हळू आणि पाणी सोबत घेऊन करा. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शर्यतीत ठोके ठरलेल्या आकड्याच्या वर गेले, तर पेस सोडा आणि ठोके धरा.

चालणं म्हणजे हार, ही समजूत

याचा मला फार त्रास होतो, कारण चांगली तयारी केलेली माणसं केवळ लाजेपोटी चालत नाहीत आणि पुढे कोलमडतात. नऊ मिनिटं सातच्या पेसने धावून एक मिनिट दहाच्या पेसने भराभर चाललात, तर सरासरी ७:१३ पडते. पूर्ण ४२.२ किमीत फरक फक्त ९ मिनिटांचा. पण हे पहिल्या किलोमीटरपासून करायचं, पाय दगड झाल्यावर नाही.

पोट बिघडलं, म्हणजे आत पाणी डुचमळतंय, एनर्जी जेल नको वाटतंय, तर आधी वेग उतरवा. जोर जास्त असला की रक्त पायांकडे जातं आणि पचन मंदावतं. दहा मिनिटं चाला, घोट-घोट पाणी घ्या, मग थोडं थोडं खायला लागा. तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकांची सवय सरावातच लावलेली हवी. नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं दिसलं, तर थांबून थेट मेडिकल टेंट गाठा.

राहिला कटऑफ, म्हणजे वेळेची मर्यादा. फुलला बहुतेक ठिकाणी एकूण १७ तास आणि सायकल शर्यतीच्या सुरुवातीपासून १० तास ३० मिनिटांत संपवायची असते. अगदी शेवटच्या मिनिटाला उतरलात आणि ट्रान्झिशनला (सायकल ठेवून रनची तयारी करताना) १० मिनिटं घालवलीत, तर रनला ६ तास २० मिनिटं उरतात, म्हणजे ९:०० चा पेस, तोही न थांबता. पूर्ण रन दहाच्या पेसने चालायचं म्हटलं तर ७ तास २ मिनिटं लागतात. तेव्हा गुडघा दुखरा असेल आणि चालावं लागण्याची शक्यता दिसत असेल, तर सायकल ९ तास ४५ मिनिटांच्या आत रॅकला लागलेली हवी.