लोकर निवडण्यापासून पेटीत ठेवण्यापर्यंत

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो, म्हणून साठा करण्याआधी आपल्या हातात नेमके काय आले आहे, याची खात्री करून घ्यावी. चार बोटे लांबीचा तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, ज्योतीजवळ न्यावा. खरी लोकर रेंगाळत जळते, ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक मात्र वितळून त्याचा टणक मणी होतो.

लोकरीचीही जात पाहावी. मेरिनोचा तंतू साधारणपणे २४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असल्याने तो गळ्याला टोचत नाही. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडीला ती शोभते, पण तिचा मफलर विणला तर तो कोणी दुसऱ्यांदा गळ्यात घालणार नाही. तिचे आसन किंवा पिशवी विणावी.

विणकाम सावकाश करायचे म्हणजे सुया हळू चालवायच्या असे नव्हे. नमुन्याचा चौकोन विणण्याचा कंटाळा करायचा नाही, हा त्यातला खरा भाग. सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, पुढे स्वेटर जसा धुणार तसाच तो धुवावा, सपाट वाळवावा आणि मगच मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. त्या अंतरात २० टाके बसतील असे धरून २०० टाके घातले, तर घेर १०० सेंटिमीटर होतो. हात घट्ट असून २२ टाके बसत असतील, तर तोच घेर जेमतेम ९१ सेंटिमीटर भरतो. टाके जास्त बसत असतील तर जाड सुई घ्यावी. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची असते. आकडा वाढला की सुई बारीक होते, हे नवख्यांच्या हमखास विसरण्यातले.

धागा संपत आला की ओळीच्या मध्येच अडकायला होते. साध्या सुलट ओळीला विणीच्या रुंदीच्या तिप्पट ते चौपट धागा लागतो, तेवढा उरला नसेल तर नवा धागा ओळीच्या आरंभी जोडावा. दोन्ही टोके शंभर टक्के लोकरीची असतील, तर गाठीची गरजच नाही: ती थोडी उसवून एकमेकांवर ठेवावीत, पाण्याने ओली करून तळहातांत जोराने चोळावीत, म्हणजे तंतूंवरचे खवले एकमेकांत गुंतून टोके एकजीव होतात. अ‍ॅक्रिलिकवर किंवा यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीवर ही युक्ती चालत नाही. गरम पाणी आणि जोराचे चोळणे यांमुळे स्वेटर आटतो, तो याच खवल्यांमुळे. म्हणून धुताना कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून कपडा नुसता भिजू द्यावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा.

साठ्याविषयी माझे मत जरा कडक आहे: काय विणायचे हे ठरल्याशिवाय लडी घेऊ नये, आणि घेतली तर त्या कामाला पुरेल एवढी एकदमच घ्यावी, कारण वेगळ्या वेळी रंगवलेल्या खेपेतली लडी शेजारी ठेवली की छटेतला फरक अंगावर उठून दिसतो. एका वहीत प्रत्येक लडीचा छोटा तुकडा बांधून त्याखाली वजन, लांबी, रंगाच्या खेपेचा क्रमांक आणि ठरवलेले काम लिहावे. अर्धवट उरलेली लडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. १०० ग्रॅममध्ये २०० मीटर असेल, तर ३५ ग्रॅम म्हणजे ७० मीटर, एवढ्यात लहान मुलाची कानटोपी बहुधा बसते. लडीचा गुंडा आधीपासून करून ठेवू नये, कारण घट्ट गुंडाळलेल्या धाग्याची लवचीकता ताणून जाते. विणायला बसतानाच सैल गुंडाळावा.

साठ्याचा खरा शत्रू कसर, म्हणजे कपड्यांना लागणारी कीड. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि घाम किंवा तेलाचे डाग असलेली लोकर त्यांना अधिक आवडते, तेव्हा वापरलेले कपडे धुतल्याविना पेटीत जाऊ नयेत. वेखंड किंवा कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवण्यास हरकत नाही, पण त्यांवर विसंबू नये. डांबराच्या गोळ्यांची वाफ तान्ह्या बाळांना अपायकारक ठरू शकते, म्हणून बाळाच्या लोकरीत त्या ठेवूच नयेत. शंका आलीच, तर कोरडी लडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर धाग्यावर पाणी सुटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प, हाताला ओली न लागता, शोषून घेते. म्हणून कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात ती प्लास्टिकमध्ये कोंबू नये, सुती पिशवीत ठेवावी आणि ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत सगळी पेटी सावलीत उपसून प्रत्येक लडी झटकावी.