पूमसेतली किक: पोटावर की तोंडावर?

पूमसे म्हणजे तायक्वांदोतल्या ठरलेल्या हालचालींची मालिका. त्यातल्या तेगुक इल जांग या पहिल्या पूमसेमधली अप चागी, म्हणजे समोर मारायची किक, किती उंच मारायची, या एका प्रश्नाने माझा जीव मेटाकुटीला आणला होता. नव्याने पूमसेकडे वळणाऱ्यांना तोच त्रास होऊ नये म्हणून लिहितोय.

रत्नागिरीत क्लासमध्ये सरांनी किक मोमतोंगला, म्हणजे पोट-छातीच्या उंचीला, घोटून घेतली. रंगीत बेल्टच्या परीक्षांत कुणी हरकत घेतली नाही. मग जिल्ह्याबाहेरच्या एका स्पर्धेत पंचांनी बाजूला बोलावलं, "पाय फार खाली राहतोय रे, वर ने." नेला वर. पुढच्या बेल्ट टेस्टला परीक्षकांनी मध्येच थांबवलं, "हे कुणी शिकवलं? अप चागी मोमतोंगला असते."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त मला हे कुणी सांगितलं नाही. बेल्ट टेस्टला परीक्षक पाहतो ते पूमसे समजलंय का, किक ठरलेल्या लक्ष्यावर जातेय का. स्पर्धेत मोठे खेळाडू तीच किक तोंडाच्या उंचीला किंवा त्याहून वर नेतात, आणि पंचांच्या डोळ्यांना त्याचीच सवय झालेली असते. त्यामुळे मोमतोंगची किक त्यांना आखडलेली वाटते. काही ठिकाणी मात्र वादाला जागाच नाही. कोर्यो या ब्लॅक बेल्टच्या पूमसेतल्या जोड यॉप चागीत, म्हणजे बाजूला लागोपाठ मारायच्या दोन किकमध्ये, पहिली गुडघ्याच्या उंचीला आणि दुसरी वर. युक जांग या सहाव्या तेगुकमधली दोल्यो चागी, म्हणजे फिरवून मारायची किक, ओलगुलला, तोंडावरच. तिथे "आमच्याकडे असंच करतात" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि उंची मोजायची ती स्वतःच्या अंगावरून, कारण समोरचा काल्पनिक प्रतिस्पर्धी तुमच्याच उंचीचा धरतात. बुटक्या मुलांनी उगाच धास्ती घेऊ नये.

आता खरा सापळा. जागतिक नियमांत पूमसेला १० गुण: अचूकतेचे ४ आणि सादरीकरणाचे ६. सादरीकरणात वेग-ताकद, लय आणि ऊर्जा यांचे प्रत्येकी २. किकच्या उंचीसाठी वेगळा रकाना नाही. उंचीची छाप सादरीकरणात पडते, पण उंचीपायी जे बिघडतं ते अचूकतेतून लगेच कापलं जातं: छोट्या चुकीला ०.१, मोठ्या चुकीला ०.३. इल जांगमध्ये अप चागीनंतर लगेच अप सोगीत उतरून मोमतोंग जिरुगी, म्हणजे पोट-छातीच्या उंचीचा ठोसा, आहे. अप सोगी म्हणजे साधं चालण्याचं पाऊल, दोन पायांत जेमतेम एका पावलाची फट. किक डोक्यापर्यंत गेली की कंबर पुढे सरकते, पाय लांब पडतो आणि अप सोगीची नकळत अप कुबी, म्हणजे लांब पावलाचा पवित्रा, होते. शिवाय पाठ मागे कलते, टेकलेल्या पायाची टाच उचलली जाते, आणि सर्वांत वाईट म्हणजे किकनंतर गुडघा परत दुमडून न घेता पाय तसाच खाली आपटतो. एका उंच किकमध्ये इतक्या ठिकाणी गुण जातात आणि खेळाडू मनात म्हणतो, किक तर झकास झाली!

हे तपासायला आपल्याकडे आयती सोय आहे. ओहोटीला रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवर इल जांग करा आणि मागे वळून ठसे बघा. पुढच्या टाचेपासून मागच्या अंगठ्यापर्यंत आपलं पाऊल लावून मोजा. पावलापेक्षा जास्त फट दिसली की किक एक वीत खाली आणा आणि पुन्हा करा. पुढच्या ठशाची टाच खोल रुतलेली असेल तर समजा पाय ठेवलेला नाही, पडलाय. यॉप चागी आणि दोल्यो चागी मात्र वाळूवर नको. टेकलेला पाय वाळूत फिरत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो. पावसाळ्यात किनारा बंद. तेव्हा हॉलच्या फरशीवर खडूने रेघा मारायच्या, आधी फरशी कोरडी पुसून. आपल्याकडच्या दमट हवेत फरशी घामेजते आणि पाय सटकतो.

उंची वाढवण्याचे झटपट मार्ग सांगणाऱ्यांपासून लांब राहा. भिंतीला टेकवून जोडीदाराकडून पाय रेटून घेणं मला अजिबात मान्य नाही. मांडीमागचा स्नायू दुखावला की महिनोन्महिने बसावं लागतं. पाय हाताने वर धरणं वेगळं आणि किकमध्ये स्वतःच्या ताकदीने वर थांबवणं वेगळं. गुडघा छातीशी उचलून तिथेच धरायचा, मग पाय सरळ करायचा, परत दुमडायचा, सावकाश. कंटाळवाणं आहे, पण उंची यातूनच येते, आणि ती येते. माझ्यासारख्या आखडलेल्या अंगाच्या माणसाचीही आली.

सरांना विचारायला लाजू नका: "सर, हे परीक्षेसाठी की स्पर्धेसाठी?" या प्रश्नावर चिडणाऱ्या सरांपेक्षा "कुठे खेळणार आहेस?" असं उलट विचारणारे सर मला जास्त भरवशाचे वाटतात. स्पर्धेआधी व्यवस्थापकांकडून नियमपुस्तिका मागून घ्या, पंच कुठले नियम लावणार ते विचारा. उत्तर मिळालंच नाही, तर गुडघा परत दुमडून अप सोगीत स्वच्छ उतरता येईल, त्या उंचीला किक ठेवा आणि दोन्ही बाजूंना तीच ठेवा. उजवी कानाला आणि डावी पोटाला, हे पंचांना लांबूनही दिसतं.